कांदाचाळीतला कौल

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून, अर्ध्या कानानं ऐकायची ही गोष्ट नाही. न्हावऱ्याच्या हरिबा आबा धनगरांच्या घराण्यातल्या पुष्कळ गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. आज त्यांच्या नातवाची ऐका, बिरदेवाची. ज्याचं गाणं सुरू झाल्यावर दौंडच्या सभागृहातनं पहिल्या खेपेला निम्मी माणसं उठून गेली, आणि ज्याला आता थेट जर्मनीहून गायला बोलावणं आलं होतं, त्या बिरदेवाची. त्याच्या गळ्यापायी न्हावऱ्याच्या एका कांदाचाळीत त्याच्या बहिणीची सोयरीक कशी टांगणीला लागली, ते आज सांगतो.

त्या दिवशी सकाळपासून बिरदेवाची आई वच्छलाबाई शिऱ्यासाठी रवा भाजत होत्या, आणि त्यांचा दीर आण्णा उंबऱ्यात उभा राहून तोच तो विषय भाजत होता.

"वहिनी, पाव्हणे जेवणाच्या टायमाला येत्यात. त्याच्या आत बिऱ्याला दौंडला काढा."

"भैणीच्या बोलणीला भाऊ घरात न्हाई, ते बरं दिसंल का भावजी?"

"दिसंल. मी सांगून ठिवलंय, पोरगा साऊंड सर्विसला हाय, लग्नाच्या ऑर्डरी असत्यात."

"खोटंच की ते."

"अर्धं खोटं. आवाजाचंच काम हाय ना त्याचं?"

वच्छलाबाईंनी उलथनं जोरात फिरवलं. नवरा गेल्यापासून बाहेरचं सगळं आण्णाच बघायचा. रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, चार लोकांत उठबस. कासुर्डीचं हे स्थळ त्यानंच आणलं होतं. मुलगा शंभू, दूध डेअरीत कामाला, आणि आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणाऱ्या लेकीनं, पूनमनं, याला मात्र नाक मुरडलं नव्हतं. उलट पंधरवडाभर पोरगी भांडी घासताना गुणगुणत होती. आईला आणखी काय कळायचं राहतं? ही सोयरीक व्हायलाच हवी होती.

"तुमाला काय वाटतं, मला पुतण्याचा राग हाय?" आण्णा आवाज खाली घेऊन म्हणाला. "परवा लायनीवरच्या एका बिहारी पोरानं मोबाईल दावला. ‘साहब, ये आपका भतीजा है? भूत उतारता है क्या?’ मी म्हणलं, न्हाई रे बाबा, भूत चढवतो. सगळी लाईन हसली. आता त्येच व्हिडिओ कासुर्डीत कुणी बघितलं तर? त्या भागुबाई, पोराच्या आई, एकदम देवभोळ्या. जागराला पहिल्या ओळीत बसणाऱ्या."

"देवभोळी तर मी बी हाय."

"तुमी आई हायसा. तुमाला चालतंय."

चालतंय असं नव्हतं. वच्छलाबाईंना कीर्तनाचं वेड. सप्ताह कुठंही असो, तळेगाव ढमढेऱ्याला असो नाहीतर चालत जायच्या टप्प्यात, त्या हजर. कीर्तनकार बुवांचा आवाज तिसऱ्या दिवशी बसायला लागला की यांच्याच घशात खवखवायचं. आणि देवानं पोटी दिला तो बिरदेव. बोलायला इतका मऊ, की फोनवर समोरचा विचारायचा, "पूनमताई का?" आणि गायला लागला की लांबचा बैल दाव्याला हिसडा द्यायचा. डेथ मेटल म्हणतात म्हणे त्या गाण्याला. "मरणाचं गाणं कशाला रे लेका?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. तो हसून म्हणाला होता, "आई, मरणाला हाकलायचं म्हण." त्यांना ते काही उमगलं नव्हतं. मुलगा येईल तेव्हा ज्येष्ठमध उगाळून ठेवायचं, खडीसाखर खिशात कोंबायची, एवढंच त्यांना समजत होतं. एक दुःख मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. कीर्तनातला शब्द न् शब्द त्यांच्या पदरात पडायचा. पोटच्या पोराच्या गाण्यातला आजवर एक शब्दसुद्धा कळला नव्हता.

तेवढ्यात बिरदेव परसातून आला. कमरेपर्यंतचे केस वर बांधलेले, हातात वायरींचं भेंडोळं.

"काका, निघतोच हाय. एकच डाव पुरं गाणं घेतो, मंग सामान गाडीत टाकतो. पुढचे पंधरा दिवस दौंडला माऊलीच्या क्वार्टरातच प्रॅक्टिस."

"हळू घे."

"हळू घेतलं तर ते आमचं गाणं न्हाई, काका." मग आईकडं बघून तो म्हणाला, "पुनीसाठी एक दिवस मी साऊंडवाला. वाईट वाटून घिऊ नको."

त्यानं देव्हाऱ्यातल्या बिरोबापुढचा भंडारा चिमटीत घेऊन कपाळाला लावला. गाण्याआधी तो नेहमीच लावायचा. मग तो चाळीकडं गेला.

ही कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायचं फटीफटींचं लाकडी छप्पर, घरामागं, वाटेला लागून. कांदा विकून रिकामी झालेली. दौंडला डिप्लोमा करताना बिरदेवाला रेल्वे क्वार्टरातला माऊली भेटला. लहानपणापासून सप्ताहात पखवाज वाजवणारा, आणि दोन्ही पायांनी ड्रम असा वाजवणारा की ऐकणाऱ्याला वाटावं, तिघं वाजवतायत. मग आला तळेगावच्या जयसिंग पाटलांचा पृथ्वीराज, गिटार घेऊन. ‘ट्रॅक्टरच्या हप्त्यापेक्षा महाग खेळणं’ म्हणून बापानं त्या गिटारीवरनं त्याला पुरतं वर्षभर ऐकवलं होतं. तिघांनी नाव ठेवलं ‘वाघर’, म्हणजे मेंढरं रात्री ज्यात कोंडतात ते जाळं. दौंडला माणसं उठून गेली, पुण्यात राहिली, बंगळुरात तर गाणं संपल्यावर ‘वाघर, वाघर’ म्हणून ओरडत राहिली, आणि ओरडणाऱ्यातल्या एकालाही वाघर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आवाज गावात जाऊ नये म्हणून पोरांनी चाळीच्या फटींवर आतून घरातल्या जुन्या काळ्या घोंगड्या टांगल्या होत्या. त्यामुळं भर दिवसा आत देवळाच्या गाभाऱ्यासारखा अंधार. त्या दिवशीही तिघं आत, आणि दाराशी बाजेवर हरिबा आबा बसलेले. प्रॅक्टिस असली की ते तिथंच बसायचे, कुणी बोलावो न बोलावो.

आता योग बघा. कासुर्डीच्या मंडळींना एका नातलगाची जीप मिळाली, आणि ती तासभर आधीच न्हावऱ्यात आली. वाटेवर जीप थांबली ती नेमकी चाळीजवळ, आणि त्याच क्षणी आत बिरदेवानं गळा उघडला.

वच्छलाबाईंना स्वयंपाकघरात जीपचं दार लागलेलं ऐकू आलं. कढई खाली ठेवून त्या धावल्या. मागं आण्णा, त्याच्या मागं नव्या साडीचा पदर खोचत पूनम. चाळीपाशी पोचल्या तेव्हा दाराशी बसलेल्या आबांना कळायच्या आत भागुबाई पायातली चप्पल बाहेर काढून आत गेलेल्या होत्या.

त्यांनी काय पाहिलं असेल, तुम्हीच सांगा. चौफेर काळ्या घोंगड्या. वरच्या फटीतून आलेली उन्हाची एक तिरीप. तिच्यात केस मोकळे सोडलेला एक उंच गडी, कपाळ भंडाऱ्यानं पिवळं, डोळे मिटलेले, अंग घुमतंय, ढोलाचा ठेका मातीतून तळपायाला लागतोय, आणि माणसाच्या गळ्यातून निघूच नये असा आवाज निघतोय. धनगराघरची बाई. तिनं जन्मभर जागरात अंगात येणारं वारं बघितलेलं. तिनं दुसरं काय समजावं?

भागुबाई गुडघ्यावर बसल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"देवा बिरोबा, बऱ्या वक्ताला भेटलास," त्या म्हणाल्या. "लेकाची सोयरीक घिऊन आले. ह्या घरची लेक आमाला लाभंल का, एवढा कौल दे. व्हय म्हणलास तर आत्ता सुपारी फोडते. न्हाई म्हणलास तर पाणी बी न पिता माघारी जाते."

पृथ्वीराजचे हात तारांवरच थांबले. माऊलीच्या पायांना मात्र कळायला उशीर झाला; दोन ठोके जास्तीचे पडले. मग सगळं शांत.

बिरदेवानं डोळे उघडले.

भागुबाईंच्या पाठीमागून आण्णा दोन्ही हातांनी खुणा करत होता, व्हय म्हण, व्हय म्हण. पूनमनं दाराची फळी घट्ट धरली होती. बिरदेवाची नजर सगळ्यांवरून फिरून आईवर येऊन थांबली. आणि वच्छलाबाई, आयुष्यभर देवाच्या दारात बसलेली बाई, त्यांनी लेकीचे ते फळी धरलेले हात बघितले आणि मान हलवली. हळूच, पण हलवली. व्हय म्हण.

बिरदेव खाली बसला. भागुबाईंच्या समोर, मातीत. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"मावशी, देव न्हाई आला," तो आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाला. "मी बिरदेव. पुनीचा भाऊ. गाणं म्हणत व्हतो."

भागुबाईंनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माईककडं, मग माऊलीच्या हातातल्या काठ्यांकडं. चेहरा लाल होत गेला. त्या उठल्या आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागल्या.

ओसरीवर मंडळी बसली ती बसायचं म्हणून. पाणी कुणी घेतलं नाही. भागुबाईंचे दीर, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी तोंड उघडलं.

"आण्णासायेब, तुमी तर म्हणला व्हता साऊंड सर्विस."

"हाय की आप्पा. सर्विसच हाय, म्हंजी..."

"आमच्या वहिनीला पोरासोरापुढं गुडघ्यावर बसवलंत. देवाच्या नावानं. ही चेष्टा कासुर्डीत कळली तर?"

"कुणी बसवलं न्हाई, आप्पा," पूनम म्हणाली. चुलत्याचे डोळे वटारलेले तिला दिसत होते, तरी म्हणाली. "दादानं उलट उठवलं."

"पुने, आत जा," आण्णा म्हणाला.

"राहू दे तिला," हरिबा आबा ओसरीच्या कोपऱ्यातून म्हणाले. "तिच्याच लग्नाचं चाललंय ना?"

आता आण्णानं बाजू बदलली. पाव्हण्यांकडं सरकून तो म्हणाला, "तुमचं बरोबर हाय आप्पा. मी घरात कवापासून सांगतोय, ह्ये गाणं बंद करा. ह्यो जर्मनीला जायचं म्हणतो. मी म्हणलं, गळा हाय तर कीर्तन कर, लोक पाया पडत्याल."

"पाया तर आज बी पडल्या," पृथ्वीराज खाली बघत पुटपुटला, आणि माऊलीनं त्याला कोपर मारलं.

वच्छलाबाईंना दिराचा राग येत नव्हता. स्वतःचाच येत होता. पोरानं मान हललेली बघितली होती. ते त्याच्या डोळ्यांत दिसलं होतं.

"शंभ्या, ऊठ," आप्पा म्हणाले. "वहिनी, चला."

शंभू उठला नाही. जीपमधून उतरल्यापासून तो गप्पच होता, आणि शर्टाची वरची गुंडी सारखी लावत होता. आता त्यानं सगळ्या गुंड्याच काढल्या. शर्टाच्या आत काळा बनियन, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं, ‘वाघर’.

"आये," तो म्हणाला, "मला म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत व्हतं?"

"सगळं. दादांच्या पुण्यातल्या तिन्ही शोला मी व्हतो. अगदी म्होरं. डेअरीची मीटिंग म्हणून गेलेलो." त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, तुला सांगितलं तर तू हितं येणारच न्हाईस."

ओसरीवर कुणाला हसावं की काय करावं कळेना. पूनमनं पदर तोंडाला लावला. भागुबाईंनी लेकाकडं बघितलं, मग आण्णाकडं, मग पुन्हा लेकाकडं.

"म्हंजी ह्यांनी मला फशिवलं, आन् तू बी फशिवलंस," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडची शाणी माणसं एक व्हऊन खोटं बोलली. ह्या दोन्ही घरांत मला खरं सांगणारं कोण भेटलं, तर ज्याला लपवून ठिवायचं चाललं व्हतं त्यो."

आप्पा पुन्हा खाली बसले.

भागुबाईंनी बोटानं बिरदेवाला बोलावलं. "हिकडं ये. त्या गाण्यात काय म्हणतोस? मला एक शबुद कळला न्हाई. देवाचा म्हणून इचारलं न्हाई. आता तुझा म्हणून इचारते."

वच्छलाबाई एक पाऊल पुढं सरकल्या. हा प्रश्न इतकी वर्षं त्यांच्या ओठावर होता, आणि परकी बाई आल्या आल्या तो विचारून मोकळी झाली होती.

बिरदेवानं आबांकडं बघितलं. आबांनी डोळे मिटून होकार दिला. मग तो तसाच उभ्या उभ्या, न गाता, नुसतं बोलावं तसं म्हणाला,

"रात पडली काळी, वाघरीला गाठ दे,
लांडगा आला माळाला, गळ्याला माझ्या धार दे.
लेकरू माझं झोळीत, कोकरू माझं पायाशी,
कुणाला आधी झाकू गं, एकच घोंगडी उशाशी.
वरड कस्तुरे वरड, तांबडं फुटंस्तोवर,
गळा फुटला तर फुटू दे, कळप घरी पोचंस्तोवर."

कस्तुरा. वच्छलाबाईंनी सासऱ्यांकडं बघितलं.

"माझी मालकीण," हरिबा आबा पाव्हण्यांना म्हणाले. "कोकणातनं मेंढरं घिऊन परतत व्हतो. भीमेच्या कडंला माळावर तळ. मी तापानं फणफणलेलो, उठाय येत नव्हतं. लांडग्यांचा कळप आला. ती एकटी. कुत्रं पयल्या झटक्यातच मेलं. तवा ती वाघरीभवती फिरत रातभर वरडली. बाईगत न्हाई, माणसागत बी न्हाई. लांडगं सकाळपातूर थांबलं, पण आत शिरलं न्हाई. सकाळी मला पाणी पाजाय आली आन् काहीतरी बोलाय गेली, तर आवाजच न्हाई."

"आन् झोळीत?" भागुबाईंनी हळूच विचारलं.

"थोरला लेक. ह्या वच्छलाचा मालक."

 सासूबाईंचा तो घोगरा आवाज वच्छलाबाईंना आठवत होता. नवी नवरी असताना त्या आवाजाला त्या भ्यायच्या. गाव म्हणायचं, मिशरीनं गेला. कुणी म्हणायचं, जन्माचाच तसा. म्हातारी लग्नात, हळदीत मागं बसायची, ओवी म्हणायची नाही. फक्त एका ठिकाणी गायची. तान्ह्या बिरूला मांडीवर घेऊन, त्या फाटक्या गळ्यानं अंगाई. आणि इतर आवाजाला दचकणारं पोर त्या आवाजात हुंकार देत झोपायचं.

"आबा, मला कवाच का न्हाई सांगितलं?"

"तिनंच सांगू दिलं न्हाई, पोरी. गडी पडून ऱ्हायला आन् बाईनं कळप राखला, हे चारचौघांत जाऊ ने म्हणून. माझी इज्जत राखली तिनं. आन् मी राखू दिली. बिऱ्याला मातर सांगितलं. त्यो लहानपणी तिच्यागत आवाज काढायचा, तवा मला ऱ्हावलं न्हाई."

 मग भागुबाईंनी तांब्या उचलला आणि वरून घोटभर पाणी प्याल्या. वच्छलाबाईंना वाटलं, आपण जागेपणी बघतोय की नाही.

"ऐका आप्पा," भागुबाई म्हणाल्या. "ह्या पोरानं नुसतं व्हय म्हणलं असतं, तर सोयरीक तिथंच चाळीत झाली असती, आन् मी मरंस्तोवर देवाचा कौल म्हणून सांगत फिरले असते. त्याच्या भैणीचं भलं व्हतं, कुणाला कळणार नव्हतं. तरी न्हाई म्हणला. त्याच्या भैणीला मी न्हाई कशी म्हणू?"

"पण वहिनी, कौल तर मिळालाच न्हाई," आप्पा म्हणाले.

"न मागता मिळाला. सुपारी काढा."

आण्णानं सुपारी आणायला जी धाव घेतली, ती बघून आबासुद्धा हसले. भागुबाई त्याच्या पाठीवर म्हणाल्या, "आण्णा, आता इचारणाऱ्याला सांगा, पुतण्या गातो. साऊंड सर्विस बंद करा."

मग त्यांनी हट्टच धरला. शब्द कळलेत, आता गाणं ऐकवा. सगळी मंडळी चाळीत गेली. बायका बारदानावर बसल्या. भागुबाईंनी वच्छलाबाईंना आपल्या शेजारी ओढून बसवलं, आणि कान झाकायला पदर तयार ठेवला, तो मात्र नंतर वापरला नाही.

पोरं तारा जुळवत होती तेव्हा वच्छलाबाई लेकाजवळ गेल्या. त्याचे केस मागं सारले.

"बिरू, मघाशी मी व्हय म्हण म्हणत व्हते."

"म्हाईत हाय."

"मंग माझं ऐकलं न्हाईस ते?"

"कपाळाला भंडारा व्हता, आई. आन् कीर्तनाला बोटाला धरून तूच न्यायचीस की."

त्या परत जाऊन बसल्या. माऊलीनं ठेका धरला. बिरदेवानं गळा उघडला, आणि या खेपेला, रातीपासून तांबडं फुटेपर्यंतचा शब्द न् शब्द वच्छलाबाईंच्या पदरात पडला. बाहेर जाणारे लोक वाटेवर थांबले. आबा बाजेवर पुढं झुकले होते, आणि गाणं संपून पोरं घाम पुसायला लागली तरी माळावर कुणीतरी अजून फिरतंय असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

झालं. सोयरीक ठरली, पोरं जर्मनीलाही गेली. त्याचं कौतुक पुष्कळ लोक करतील, मी वेगळं काय करू? माझं मागणं एवढंच आहे. कधी कुठं एखाद्या पोराच्या कानातल्या यंत्रातून, नाहीतर गाडीच्या काचेतून असा राकट, फाटका आवाज आला, तर लगेच तोंड फिरवू नका. एका रात्रीत आपला गळा सांडून ज्या बाईनं झोळीतलं लेकरू आणि पायाशीचं कोकरू दोन्ही सकाळपर्यंत आणलं, त्या न्हावऱ्याच्या कस्तुराबाईची तेवढी आठवण काढा.